ताजा भ्रूण की गोठवलेला?

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत केलेल्या गर्भधारणेच्या उपचारात, भ्रूण तयार झाल्यावर तो त्याच चक्रात गर्भाशयात सोडावा, की गोठवून नंतर, या निर्णयापाशी अनेक जोडपी अडखळतात.

वेळ आणि खर्च पाहता ताजे प्रत्यारोपण सोयीचे आहे. गोठवण्यात साठवणुकीचे व पुढच्या चक्राचे पैसे वाढतात, शिवाय थांबण्याचा ताण असतोच.

भ्रूण तगेल का, ही भीती मात्र आता बरीच ओसरली आहे. पूर्वीच्या संथ गोठवण्याच्या पद्धतीत पेशींत बर्फाचे स्फटिक होत. आताच्या व्हिट्रिफिकेशन या झटपट गोठवण्याच्या पद्धतीत पेशींतले पाणी कमी करून संरक्षक द्रावण भरतात आणि भ्रूण उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये इतक्या झपाट्याने थंड करतात की बर्फ होतच नाही. वितळवल्यावर आक्रसलेला भ्रूण काही तासांत पुन्हा फुगताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. चांगल्या प्रयोगशाळेत दहांपैकी नऊ तरी यातून तगतात. सगळेच नव्हे, हे आधीच ऐकून ठेवावे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्त्रीच्या प्रकृतीचा निकष. अंडी वाढवण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनांनी अंडाशय अतिउद्दीपित झाले असतील, तर लगेच राहिलेली गर्भधारणा तो त्रास वाढवते. उलट गोठवलेल्या भ्रूणाच्या गर्भारपणात, विशेषतः गर्भाशयाचे अस्तर केवळ हार्मोन देऊन तयार केले असल्यास, रक्तदाबाचे विकार अधिक आढळतात.

म्हणून पीसीओएस (अंडाशयांचा एक हार्मोनविषयक विकार) असलेल्या, अंडी पुष्कळ आलेल्या किंवा भ्रूणाची जनुकीय तपासणी करायच्या स्त्रियांनी गोठवणे निवडावे. पाळी नियमित, अंडी बेताची आणि अस्तर चांगले असेल, तर ताजा भ्रूण पुरेसा आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, पीसीओएस नसलेल्या स्त्रियांमध्ये, दोन्ही मार्गांचे यश जवळपास सारखेच आढळले होते.