काकांची गाडी, वागळे इस्टेटमधून

इंजिन आधी घेतलं, गाडीचं नंतर ठरलं. रॉयल एनफील्डच्या इंटरसेप्टर ६५०चं इंजिन, लिलावातल्या ठोकलेल्या मोटरसायकलवरचं. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, क्रँक २७० अंशांची; त्यामुळे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. तो अडखळता धडधडाट मला हवा होता, पण दोन चाकांना आता गुडघे तयार नाहीत. म्हणून उघडी, दोन सीटची गाडी. दोन गॅरेजवाल्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. तिसरा म्हणाला, "कागदांचं बघून घेऊ."

शेवटी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या या वर्कशॉपमध्ये आलो. मालक तिशीच्या आतला पोरगा, कॉलेजात स्पर्धेसाठी रेसकार बांधलेला. त्याचं पहिलंच वाक्य: "काका, रस्त्यावर विसरा. पासिंग नाही मिळणार." खरंच आहे. हाताने बांधलेल्या गाडीला एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी करून मंजुरी घ्यावी लागते, आणि नोंदलेल्या गाडीत इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मित्राची मुरबाडला शेती आहे, तिथेच फिरवायची ठरलं. टेम्पोने न्यायची, टेम्पोने आणायची.

पहिल्या दिवशी त्यांनी इंजिन लाकडी ठोकळ्यावर ठेवलं, त्याच्या पुढे आम्हा दोघांना प्लास्टिकच्या स्टुलांवर बसवलं आणि खडूने फरशीवर गाडी आखली. बायकोची पर्ससुद्धा मापात धरली. मग सीमलेस पाइप, आर्गन वेल्डिंग. वेल्ड बघून घ्या एकदा, नाणी कलती करून मांडावीत तसे.

डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची जोडणी, मारुती ८००चं. त्याचा मोठा क्राउन गिअर काढून त्या जागी चेनचं दातेरी चक्र, स्प्रॉकेट बसवलं, भोवती अ‍ॅल्युमिनियमचं नवं हाउसिंग. चाकंही ८००चीच, १२ इंची. मला वाटलं स्वस्तातली निवड आहे. पोराने वहीत मांडून दाखवलं: मोटरसायकलचं मागचं चाक टायरसकट ६४ सेंटिमीटर, हे ५१. चाक लहान म्हणजे इंजिनाच्या त्याच ५२ न्यूटन मीटर टॉर्कमध्ये जड गाडी सहज उठते. वरचा वेग जातो, पण शेतात वेग घेऊन करायचंय काय? मोटरसायकलला रिव्हर्स नसतो, म्हणून एक स्टार्टर मोटर चेनच्या शाफ्टवर लावलीय. बटण दाबलं की गाडी किरकिरत मागे सरकते. नातवाला पुढे जाण्यापेक्षा तेच आवडतं.

आता तक्रारी. दसऱ्याला देतो म्हणाले, पाडव्याला मिळाली. फोन उचलत नाहीत. हिशेब डायरीच्या फाडलेल्या पानावर, जीएसटीचं बिल तीनदा मागावं लागलं. आणि चेन! ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, दोन स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत हे मला लांबून दिसतं. पोरगा मानेना. शेवटी पट्टी लावली, तीन मिलिमीटरचा फरक. तोंड पडलं त्याचं, पण इंजिनाचं फाउंडेशन कापून नव्याने बसवलं आणि एक रुपया लावला नाही.

पहिल्या ट्रायलला दहा मिनिटांत तेल १४० अंशांवर. इंजिन हवा आणि तेलावर थंड होणारं, मोटरसायकलवर समोरून वारा खातं. इथे ते आमच्या पाठीमागे, वारा आम्हीच अडवतो. हे आधी सुचायला हवं होतं, त्यांनाही आणि मलाही. ऑइल कूलर बाजूला घेतला, वारा आत घ्यायला पत्र्याचा स्कूप केला, रेडिएटरचा पंखा लावला. आता ११०च्या आसपास राहतं. पंख्याचा घोंघाट मात्र ठोक्यांच्या मध्येमध्ये येतो, ते मला अजून खुपतं.

पाचपैकी चार तारे. एक तारखांसाठी कापला. जायचं तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, आर्गनवाले चाचा नसतात आणि बाकीचे नुसते बसून असतात.