सोर्सवरून बिल्ड करायचंय: जीसीसी की क्लँग, आणि कोणती आवृत्ती?

निकाल आधीच सांगून टाकतो. लिनक्सवर सोर्सवरून (मूळ कोडवरून) काही बिल्ड करायचं, म्हणजे चालणारा प्रोग्राम बनवायचा असेल, तर कंपायलर लागतो: कोडचं प्रोग्राममध्ये रूपांतर करणारं साधन. डिस्ट्रोने (डेबियन, उबुंटू, आर्च अशा तुमच्या लिनक्सने) दिलेला जीसीसी हा कंपायलर घ्यावा. तो नडला तर त्याचीच जुनी आवृत्ती शेजारी बसवावी. क्लँग या दुसऱ्या कंपायलरकडे त्यानंतर वळावं. कंपायलर जितका नवा तितका चांगला, हा समज इथे चालत नाही. सोर्स कोणत्या काळात लिहिला गेला ते आधी बघायचं.

डेबियन-उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल आणि आर्चवर बेस-डेव्हल टाकलं की कंपायलर, बिल्डच्या पायऱ्या चालवणारं मेक आणि सी लायब्ररीची हेडर्स (तिच्या फंक्शन्सच्या घोषणा असलेल्या फाइली) एकदम येतात. नुसतं जीसीसीचं पॅकेज टाकलं आणि लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज राहून गेलं, तर कॉन्फिगर (बिल्डआधी सिस्टीम तपासणारी स्क्रिप्ट) ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ म्हणत थांबतं. कंपायलर ठणठणीत असतो. खरं कारण कॉन्फिग-डॉट-लॉग या फाइलमध्ये सापडतं.

आता आवृत्त्यांकडे. जीसीसीचा स्वभाव गेल्या काही वर्षांत बराच कडक झालाय, आणि जुनं सोर्स तिथेच अडकतं. २०२० च्या जीसीसी १० पासून हेडरमध्ये एक्स्टर्नशिवाय (‘हे दुसऱ्या फाइलमध्ये आहे’ असं न सांगता) घोषित केलेले ग्लोबल व्हेरिएबल्स लिंक होताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, ‘मल्टिपल डेफिनिशन’ देतात. एफ-कॉमन हा फ्लॅग (कंपायलरला द्यायची सूचना) दिला की जुनं वागणं परत येतं. २०२४ च्या जीसीसी १४ ने आधी वॉर्निंगवर सोडून दिलेल्या गोष्टी एरर केल्या: घोषित न केलेलं फंक्शन वापरणं, टाइप न लिहिता इंट गृहीत धरणं, न जुळणारे पॉइंटर. यावर उतारा एफ-परमिसिव्ह. २०२५ च्या जीसीसी १५ मध्ये सीचं डीफॉल्ट मानक सी-२३ वर गेलं. त्यामुळे स्वतःचं बूल बनवणारा कोड मोडतो, आणि रिकाम्या कंसांनी घोषित केलेल्या फंक्शनला आर्ग्युमेंट दिलं की ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’ येतं. तिथे एसटीडी फ्लॅगला जीएनयू-१७ द्यायचं. हे उतारे एकमेकांच्या जागी चालत नाहीत: जीएनयू-१७ दिल्याने जीसीसी १४ चे एरर जात नाहीत.

फ्लॅग देताना एक खोच आहे. सी-फ्लॅग्ज हे व्हेरिएबल तुम्ही स्वतः भरलं की ऑटोकॉन्फचं (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनाचं) डीफॉल्ट, म्हणजे जी (डीबगची माहिती) आणि ओ-२ (ऑप्टिमायझेशन), गळून पडतं. नुसतं एफ-कॉमन दिलं तर बिल्ड होतं, पण ऑप्टिमायझेशनशिवाय. प्रोग्राम मंद चालतो आणि दोष उगाच कंपायलरच्या माथी येतो. ओ-२ सोबत लिहावं.

याहून वाईट प्रकार म्हणजे काहीच एरर न येणं. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधल्या छोट्या चाचण्या इंट न लिहिता मेन लिहितात किंवा हेडर न घेता एक्झिट बोलावतात. जीसीसी १४ वर अशी चाचणी कंपाइलच होत नाही. स्क्रिप्ट समजते की ती सोय सिस्टीमवर नाही, आणि ती गुपचूप वगळून पुढे जाते. बिल्ड यशस्वी, सुविधा गायब. म्हणून जुनं सोर्स घेतलं की कॉन्फिगरच्या शेवटचा गोषवारा वाचावाच.

दोनपेक्षा जास्त फ्लॅग लावायची वेळ आली तर हट्ट सोडून जुनी आवृत्ती घ्यावी. डेबियन-उबुंटूवर रिपॉझिटरीत (डिस्ट्रोच्या पॅकेजांच्या साठ्यात) असेल तर जीसीसी-१२ आणि जी-प्लस-प्लस-१२ मूळ कंपायलरला धक्का न लावता शेजारी बसतात. कॉन्फिगरच्या आधी सीसी (सीसाठी) आणि सीएक्सएक्स (सी-प्लस-प्लससाठी) ही दोन्ही व्हेरिएबल्स बदलायची. एकच बदललं तर सी एका आवृत्तीने आणि सी-प्लस-प्लस दुसऱ्याने बिल्ड होतं. कॉन्फिगरऐवजी सीमेक हे साधन असेल तर आणखी एक काम: पहिल्या वेळी सापडलेला कंपायलर तो कॅशमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे बिल्ड फोल्डर नव्याने काढावा. अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज कमांडने पूर्ण सिस्टीमचा कंपायलर फिरवू नये. पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला बाहेरची मॉड्यूल्स, म्हणजे कर्नलला जोडायचे ड्रायव्हरसारखे भाग, बिल्ड होताना तेच आडवं येऊ शकतं, कारण मॉड्यूल्ससाठी शक्यतो कर्नलला वापरलेलाच कंपायलर हवा. तो कोणता, हे प्रोक फोल्डरमधली व्हर्जन फाइल सांगते.

क्लँगला कमी लेखायचं कारण नाही. मुळातच क्लँग गृहीत धरून लिहिलेलं सोर्स असेल तर तोच घ्यावा. लिनक्स कर्नलही मेकला एलएलव्हीएम=१ देऊन त्याने बिल्ड होतो. मात्र जीसीसी जुन्या कोडवर अडला म्हणून क्लँगकडे पळण्यात अर्थ नाही: घोषित न केलेलं फंक्शन क्लँग १६ पासून, म्हणजे जीसीसी १४ च्या आधीच, एरर आहे. फंक्शनच्या आत फंक्शन लिहिण्याची जीसीसीची सवलतही क्लँग देत नाही.

दुसरं, लिनक्सवर क्लँग सी-प्लस-प्लसची लायब्ररी बहुधा जीसीसीचीच वापरतो, आणि सिस्टीमवर दिसणारा सर्वांत नवा जीसीसी निवडतो. त्या आवृत्तीचा फोल्डर आहे पण तिची हेडर्स बसवलेली नाहीत, असं झालं की ‘आयओस्ट्रीम’ फाइल सापडत नाही. क्लँग पुन्हा इन्स्टॉल करून काही होत नाही. त्या आवृत्तीचं लिब-एसटीडी-सी-प्लस-प्लसचं डेव्ह पॅकेज टाकावं. कोणता जीसीसी निवडला ते क्लँगला व्ही फ्लॅग देऊन दिसतं.

‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी-१-प्लस-प्लस’ दिसलं तर कंपायलर बदलू नका. मेमरी संपली आहे. मेकचा जे आकडा (एका वेळी किती कामं चालवायची तो) कमी करा.

जीसीसी स्वतःच सोर्सवरून बिल्ड करणं हा शेवटचा पर्याय. सोर्समधली डाउनलोड-प्रीरिक्विझिट्स स्क्रिप्ट जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या लागणाऱ्या लायब्ररी आणून देते, बिल्ड वेगळ्या फोल्डरमध्ये करायचं, आणि ३२ बिटची गरज नसेल तर डिसेबल-मल्टिलिब द्यायचं. एवढं करूनही अशा नव्या जीसीसीने बनवलेला सी-प्लस-प्लस प्रोग्राम सुरू होताना सिस्टीमची जुनी लायब्ररी उचलतो आणि ‘जीएलआयबीसीएक्सएक्स नॉट फाउंड’ म्हणतो. लिंक करतानाच आरपाथमध्ये (प्रोग्रामने लायब्ररी कुठे शोधायची त्या पत्त्यात) नव्या लायब्ररीचा फोल्डर द्यावा लागतो.