रिबीट दिसलं होतं, तरी मी गप्प बसलो

एकूण 46,050 रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गेले चार महिने जो भेटतो तो पहिल्यांदा हेच विचारतो, "किती गेले?" आकडा ऐकला की पुढचा प्रश्न ठरलेला, "खेळण्यातल्या गाड्यांसाठी?" हो, खेळण्यातल्या गाड्यांसाठी. ज्यांना यात हसू येतं त्यांनी पुढे वाचू नका. माझ्यासारखे जे मराठवाड्यातल्या गावात बसून पगारातले चार पैसे बाजूला काढतात आणि शोकेसमध्ये एकेक गाडी लावतात, त्यांच्यासाठी लिहितोय. ज्या क्लबवाल्याने मला फसवलं तो माणूस अजून मोकळा आहे. उद्या दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने ग्रुप काढायला त्याला कोणी अडवणार नाही.

मी जालन्याचा. एमआयडीसीत सळईच्या रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्स फिटर आहे, 19 वर्षं झाली. वडील ट्रकवर होते, मुंबईच्या फेऱ्या करायचे. मी पाचवीत असताना त्यांनी चोरबाजारातून मॅचबॉक्स ब्रँडचा एक जुना खेळण्यातला डंपर आणून दिला. तळाला इंग्रजीत 'मेड इन इंग्लंड बाय लेझनी' असं उठावदार अक्षरांत. लेझनी म्हणजे तेव्हा मॅचबॉक्स बनवणारी कंपनी. हा नाद तिथून लागला. आज घरात 210 गाड्या आहेत, बहुतेक 1:64 मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या. सगळ्या कष्टाच्या पैशातून घेतल्यात, कोणाचं देणं ठेवून नाही.

जालन्यात हॉट व्हील्स ब्रँडची गाडी मिळवायची म्हणजे काय हाल असतात ते इथल्या लोकांना माहीत आहे. दुकानात पेटी फुटायच्या आधीच चांगला माल बाजूला निघतो आणि मग छापील किमतीच्या तिप्पट भाव सांगतात. म्हणून संभाजीनगरला क्लब आहे, महिन्याच्या तिसऱ्या रविवारी तिथल्या कॅनॉट मार्केटला सगळे भेटतात, असं जून 2024 मध्ये कळलं तेव्हा मी पुढच्याच रविवारी... नाही, तिसऱ्या रविवारची वाट बघून गेलो. साठ किलोमीटर, एसटीने.

क्लबचा कर्ताधर्ता एक जण होता. सगळे त्याला दादा म्हणायचे. तो माझ्यापेक्षा 9 वर्षांनी लहान, तरी मीही दादाच म्हणायला लागलो. त्याला या विषयातलं खरोखर माहीत होतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. 1968 च्या पहिल्या 16 हॉट व्हील्स तो तोंडपाठ सांगायचा. ट्रेझर हंट, म्हणजे नेहमीच्या मालात मधेच मिळणाऱ्या दुर्मिळ गाड्या, 1995 ला सुरू झाल्या, साध्या ट्रेझर हंटच्या पुठ्ठ्याच्या कार्डावर गाडीमागे चंदेरी ज्वाळा असते आणि त्याहून दुर्मिळ अशा सुपर ट्रेझर हंटच्या सोनेरी, हे त्याने पोरांना समजावताना मी स्वतः ऐकलंय. पहिल्याच भेटीत त्याने मला दोन गाड्या छापील किमतीत दिल्या, वर एक रुपया घेतला नाही. ते कशासाठी होतं हे तुम्हाला सांगायला नको. मला तेव्हा कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

आता तो दिवस. 21 जुलै 2024, रविवार. चहाच्या टेबलावर आठ-दहा जण. दादाने पिशवीतून कापडात गुंडाळलेली गाडी काढली. निळी निसान स्कायलाइन, लूज, म्हणजे मूळ पुठ्ठा आणि प्लास्टिकचं वेष्टन नसलेली. रबराची टायरं, खालचा धातू वर चमकेल असा पातळ पारदर्शक रंग, अंगावर बारीक टीएच, म्हणजे सुपर ट्रेझर हंटच्या सगळ्या खुणा. किंमत 6,500. मी गाडी हातात घेतली आणि सवयीने उलटी केली.

तळ आणि वरचा भाग जोडणारी दोन रिबीटं असतात, धातूच्या खिळ्यांसारखी. पुढचं रिबीट ठीक होतं. मागच्याला डोकं नव्हतं. जागेवर एक चपटी टिकली होती आणि तिच्याभोवती नव्या धातूची चकाकती कडी, ड्रिल मारून रिबीट उडवलं की राहते तशी. कडेला डिंकाचा एक पिवळसर थेंब, मोहरीएवढा, सुकलेला. हे काम मी 19 वर्षं करतोय. आमच्याकडे अशी जागा दिसली की पोरगंसुद्धा सांगेल, हे उघडून परत बसवलंय. गाडी उघडलीय म्हणजे चाकं बदललीत. महागड्या प्रीमियम गाडीची रबरी चाकं काढून साध्या गाडीला घातलीत आणि वरून रंग मारलाय. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं होतं. खरंच आलं होतं.

आणि मी गप्प बसलो. दादा म्हणाला, "भाऊ, ही दोघांनी मागितलीय, तुमच्यासाठी थांबवली." बाजूला कॉलेजचं पोरगं मोबाईलने फोटो काढत होतं. मी नवा माणूस, जालन्याहून आलेला, महिन्यापूर्वी ओळख झालेली. चारचौघांत म्हणू कसं की हे रिबीट फोडलेलं आहे? वाटलं, हे लोक आपल्याला परत बोलावणार नाहीत. वाटलं, कारखान्यातच असं होत असेल. मी यूपीआयने 6,500 पाठवले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी गाडी रुमालात बांधून घरी आणली. रात्री भिंगाने तळ बघितला. 2008 पासून हॉट व्हील्सच्या तळाला एक अक्षर आणि दोन आकडे असतात. अक्षर म्हणजे वर्ष, आकडे म्हणजे आठवडा. दादा म्हणाला होता गाडी 2019 ची. 2019 ला 'एम' पाहिजे. तिथे 'क्यू' होता, म्हणजे 2022. तेव्हाही मी भिंग ठेवलं आणि गाडी शोकेसच्या मधल्या कप्प्यात लावली. बायको म्हणाली, "अहो, एवढ्याशा गाडीला साडेसहा हजार?" तिच्यावरच मी चिडलो.

त्या रविवारी मी तोंड उघडलं असतं तर पुढचे 39,550 वाचले असते.

लूज गाडी कोणाकडूनही घ्या, सख्ख्या भावाकडून घ्या, आधी उलटी करा आणि दोन्ही रिबीटं बघा. बघून झालं की मोठ्याने बोला.

सप्टेंबरात त्याने 1:18 च्या, म्हणजे मोठ्या मापाच्या गाड्यांची आगाऊ नोंदणी काढली. दोन गाड्या, 28,000, अर्धे आधी. मी 14,000 दिले. मला मूर्ख म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की ऑगस्टच्या भेटीत दोघांना माझ्यादेखत त्यांच्या मोठ्या गाड्या मिळाल्या होत्या, सीलबंद डब्यात. डोळ्यासमोर माल मिळताना बघितल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? त्या दोघांपैकी एक जण दादाचा आतेभाऊ होता, हे फार नंतर कळलं. पैसे मात्र एका मोबाईल दुकानाच्या नावावर गेले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव दिसलंच होतं. विचारलं तर म्हणे, "माझ्या खात्याची लिमिट संपलीय भाऊ." पैसे घेणाऱ्याचं नाव आणि समोरच्याचं नाव एक नसेल तर फोन खिशात घाला. दुसरं काही करू नका.

मग दिवाळीच्या सुट्टीतलं प्रदर्शन, 9 आणि 10 नोव्हेंबर. याबद्दल मला राग लिहायचाय, पण खरं सांगायचं तर ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. लांबच लांब टेबलं, काळं कापड, त्यावर ॲक्रिलिकच्या पायऱ्या, प्रत्येक गाडीखाली नाव आणि वर्षाची चिठ्ठी. माझ्या 23 गाड्या दारातून आत आल्या आल्या दिसत होत्या. एक म्हातारे गृहस्थ डंपरपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, असाच आमच्याकडे होता. वडील असते तर त्यांना संभाजीनगरला आणलं असतं. हॉलचं भाडं आणि ॲक्रिलिकचा माझा हिस्सा म्हणून 3,200 दिले. पुढे हॉलवाल्याकडे चौकशी केली तर तो म्हणाला भाडं अजून बाकी आहे, तुम्हीच द्या आता.

23 गाड्या दिल्या, परत 22 आल्या. डंपर नाही. "तुमचा डंपर माझ्या पेटीत आलाय भाऊ, पुढच्या रविवारी आणतो." 17 नोव्हेंबरला विसरला म्हणाला. गाड्या देताना मी यादी केली नव्हती, सही घेतली नव्हती, एकेकीचा तळाचा फोटो काढला नव्हता. तुम्ही काढा. क्लब कितीही घरचा वाटू दे, यादीवर सही घेतल्याशिवाय डबा हातातून सोडू नका.

3 डिसेंबरला मेसेज आला, माल कस्टम्समध्ये अडकलाय, ड्युटीचे 8,350 लगेच पाठवा. मला हे खोटं का वाटलं नाही ते ऐका. खेळण्यांवरची आयात ड्युटी खरोखरच प्रचंड आहे. 2020 ला 20 टक्क्यांवरून 60 केली, 2023 ला 70. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआयची सक्ती आहे, त्यामुळे बाहेरून माल आणणं अवघड झालंय. हा विषय क्लबात दर भेटीला निघायचा. त्याने आमच्याच तक्रारी उचलून आमच्यावर वापरल्या. साधा हिशोब केला असता तरी कळलं असतं. 28,000 चे 70 टक्के म्हणजे 19,600 होतात, 8,350 कुठून आले? आणि ड्युटी सरकारजमा होते, तिची कागदपत्रं असतात. ती मोबाईल दुकानाच्या क्यूआर कोडवर भरत नाहीत. मी भरली. दोन दिवसांनी उरलेले 14,000 पण मागितले, "आज संध्याकाळपर्यंत नाही भरले तर नोंदणी रद्द." 5 डिसेंबर, दुसरी पाळी सुरू व्हायच्या आधी, मिलच्या गेटवर उभं राहून भरले. ते पैसे पोराच्या क्लासच्या फीचे होते.

14 तारखेला मी ग्रुपवर विचारलं, दादा, माल कधी? अर्ध्या तासात मला काढून टाकलं. काढल्यावर जुन्या मेसेजचं काही हाती लागत नाही असं नाही, पण मी चिडून ग्रुपच डिलीट केला आणि सहा महिन्यांचा पुरावा स्वतःच्या हाताने घालवला. आधी चॅट ईमेलवर पाठवून ठेवा, मग प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तिसरा रविवार होता, कॅनॉटला गेलो. चहावाला म्हणाला, आज कोणीच आलं नाही.

आणि मग सुरू झाली खरी वणवण. जालन्यात ठाण्यात गेलो. व्यवहार संभाजीनगरला झालाय, तिकडे जा म्हणाले. एक दिवसाची रजा टाकून तिकडे गेलो. तिथे म्हणाले, पैसे तुमच्या जालन्याच्या खात्यातून गेलेत, तिकडे जा. मेव्हणा वकिलाकडे कामाला आहे, त्याने सांगितलं की हद्द कुठलीही असो, नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, कुठल्याही ठाण्याने गुन्हा नोंदवायचा असतो. हे कागदावर लिहून नेलं तर समोरच्या साहेबाने कागद वाचलाच नाही. म्हणाला, "तुम्ही आम्हाला कायदा शिकवणार का?" फसवून पैसे घेण्याचं कलम भारतीय न्याय संहितेत 318(4) आहे, दखलपात्र आहे, तरी एक अर्ज घेतला, त्यावर पोच म्हणून शिक्का मारला, आणि झालं. त्या शिक्क्याच्या कागदाला आज चार महिने झाले. पाच वेळा गेलो. दोनदा तपास अधिकारी बंदोबस्तावर, एकदा रजेवर, एकदा बदली झालेली, पाचव्यांदा नव्या अधिकाऱ्याने विचारलं, "कसल्या गाड्या? टू व्हीलर का फोर व्हीलर?" मी सांगितल्यावर खोलीतले चौघेही हसले. मी 44 वर्षांचा माणूस आहे. घामाचे पैसे गेलेत माझे. तुम्ही हसायला बसलात का तिथे?

बँकेत गेलो तर, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. मोबाईल दुकानाच्या खात्याचं काय? ती माहिती पोलिसांनी मागितली तर देऊ. पोलीस म्हणतात, बँकेकडून पत्र आणा. हे दोघं एकमेकांना पत्र लिहिणार कधी आणि मी मधे किती रजा टाकायच्या? एक रजा म्हणजे माझा दिवसाचा पगार जातो, तो 46,050 मध्ये धरलेलाच नाही. सायबर गुन्ह्यांचा 1930 हा नंबर मला दहा दिवसांनी कळला, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. तुमचे पैसे गेले तर नातेवाइकांना सांगत बसू नका, त्याच तासाला 1930 ला लावा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं थांबवता येतं.

माझ्या माहितीत आणखी सात जण आहेत. एक लातूरचा, एक परभणीचा, बाकी संभाजीनगरचे. एकाचे एकट्याचे 71,000 गेलेत. सह्या करायला तयार फक्त दोन. बाकीचे म्हणतात, घरी माहीत नाही. मला त्यांची लाज कळते, मीही बायकोला जानेवारीत सांगितलं. पण आठ जणांचा अर्ज आणि एकाचा अर्ज यात ठाण्यात फार फरक पडतो. हे वाचत असाल तर मला फोन करा, तुम्हाला नंबर माहीत आहे.

ती निळी स्कायलाइन मी शोकेसमधून काढली नाही. फक्त उलटी ठेवलीय, तळ वर करून.

अर्जात एक रकाना होता, गेलेल्या वस्तूची किंमत. डंपरपुढे मी काही लिहिलं नाही, तर हवालदाराने स्वतःच 50 रुपये लिहून टाकले. म्हणून इथे नीट लिहितो. मॅचबॉक्सचा डंपर, तळाला लेझनी, हिरव्या केबिनचा रंग छतावर उडालेला, मागचं उजवं चाक किंचित वाकडं, आणि हौद्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने ओरखडून लिहिलेला 'र'. मी पाचवीत असताना लिहिलेला. कोणाकडे विकायला आला, कोणाच्या शोकेसमध्ये दिसला, तर मला कळवा. जे मागाल ते देतो.