वीस टनी प्रेस: बॉटल जॅकवाली की हातपंपवाली

घरच्या गॅरेजसाठी प्रेस, म्हणजे घट्ट बसलेले भाग तेलाच्या दाबाने काढायचं-बसवायचं यंत्र, घ्यायची ठरली की आधी सगळे टनांवरच अडतात. आपल्यासारख्या हौशी माणसाला 12 टन बऱ्याच कामांना पुरतात, पण गंजून बसलेला बुश (सांध्यात घट्ट बसणारी छोटी नळी) काढायला ते कमी पडतात, म्हणून 20 धरूनच चाला. पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा, बॉटल जॅकवाली (ट्रक उचलायच्या बाटलीसारख्या जॅकवर चालणारी) घ्यायची की हातपंपवाली, म्हणजे सिलिंडर वर पक्का आणि पंप बाजूला अशी.

माझ्याकडे आधी बॉटल जॅकवाली होती, तीनेक वर्षं वापरली. माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढच्या विशबोनचे (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याचे) बुश, मागच्या पाट्यांचे बुश, गिअरबॉक्सची बेअरिंगं, सगळं तिच्यावरच झालं, त्यामुळे ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. स्वस्त असते, जागा कमी घेते आणि जॅक गेला तर ट्रकच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात दुसरा मिळतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा जॅक उचलून वरच्या मजल्यावर नेला आणि तो वाचला, हा फायदा बडोद्यात राहणाऱ्याने मोजायलाच हवा.

पण तिच्यात जॅक ज्या आडव्या प्लेटवर बसतो ती प्लेट दोन स्प्रिंगांवर लटकलेली असते आणि खांबांमध्ये तिला खेळ असतो, म्हणजे जोर आला की एक बाजू आधी खाली जाते. माझा एक नवा बुश असाच तिरका शिरला, अर्ध्यावर अडकला, काढताना त्याचं बाहेरचं कवच दुमडलं आणि विशबोनच्या डोळ्यात (बुश बसतो त्या भोकात) आतून ओरखडा पडला तो वेगळाच, त्या दिवशी मला खरंच फार वाईट वाटलं कारण तो विशबोन मोठ्या मुश्किलीने मिळाला होता. बेअरिंगचं तर आणखी नाजूक, हाउसिंगमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) यायला हवा, प्लेट कलली की तो गोळ्यांवर जातो आणि गाडी चालवताना घूं घूं सुरू. शिवाय जरा मागे घ्यायचं म्हटलं की हँडल काढा, त्याच हँडलने व्हॉल्व्ह फिरवा, परत पंपात घाला, आणि दुसऱ्या हाताने जॉब (ज्यावर काम चाललंय तो भाग) धरलेला असतो.

आता हातपंपवाली आहे. सिलिंडर वरच्या बीमला पक्का, रॅम (दाब देणारा दांडा) सरळ खाली येतो, पंप बाजूला असल्याने डोळे जॉबवरच राहतात. गेजवर प्रेशर चढताना दिसतं आणि टक आवाज होऊन काटा पडला की कळतं बुश सुटला. महाग पडते, पाइप-सील कधीतरी गळणारच, पण मकरपुरा जीआयडीसीसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या शहरात सीलसाठी अडून राहावं लागत नाही असा माझा तरी अनुभव. वर्षातून दोनदाच लागणार असेल तर बॉटल जॅक चालेल, पण सस्पेन्शनची कामं स्वतः करणार असाल तर तुमच्या जागी मी हातपंपवालीसाठी थोडे पैसे साठेपर्यंत थांबलो असतो.

दुकानात जाताना गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) घेऊन जा. हातपंपवालीचा रॅम पूर्ण खाली आणून बेडला गुण्या लावून बघा, आणि बॉटल जॅकवालीची प्लेट दोन्ही टोकांना धरून हलवा, किती डुलते ते लगेच हाताला लागेल.