वेंकेबाख की मोबिट्झ दोन?

मेडिकल चौकातल्या टपरीवर तर्री पोहे खाताना आमच्या इंटर्न पोरांचा वाद ठरलेला: ईसीजीच्या पट्टीवर हृदयाचा एक ठोका गळालाय, म्हणजे वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विजेचा इशारा मध्येच अडलाय (हार्ट ब्लॉक), पण प्रकार कुठला?

वेंकेबाख म्हणजे मोबिट्झ एक. हा उशिरा येणाऱ्या दूधवाल्यासारखा. आज सहाला, उद्या सव्वासहाला, परवा साडेसहाला, मग एक दिवस दांडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर. पीआर अंतर, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या पी लहरीपासून खालच्या कप्प्यांच्या क्यूआरएस लहरीपर्यंतचा वेळ, वाढत जातं, मग पी लहरीमागे क्यूआरएस येतच नाही. अडथळा बहुधा एव्ही नोडमध्येच, म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या इशाऱ्याच्या चौकीत. खेळाडूंत, गाढ झोपेतही दिसतो.

मोबिट्झ दोनचा दूधवाला रोज ठोक्याला सहाला येतो आणि एक दिवस न सांगता गायब. पीआर अगदी सारखं. बिघाड नोडच्या खाली, इशारा पुढे नेणाऱ्या हिसच्या जुडग्यात किंवा त्याच्या फांद्यांत. म्हणून क्यूआरएस बरेचदा रुंद. ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिन या औषधावर भरवसा नको. पूर्ण ब्लॉककडे (एकही इशारा खाली न पोचणं) कधी घसरेल सांगता येत नाही, त्यामुळे बहुतेकांना पेसमेकर लागतो. मला भीती याचीच.

नुसत्या नजरेवर जाऊ नका बाप्पा. कागदाच्या कडेवर पेन्सिलीनं खुणा करा, छोटे चौकोन मोजा. एक चौकोन ०.०४ सेकंद. गळालेल्या ठोक्याच्या आधीचं आणि नंतरचं पीआर ताडून पाहा. नंतरचं आखूड निघालं तर वेंकेबाख.

दर दुसरा ठोका गळत असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण सलग दोन पीआर मिळतच नाहीत. तेव्हा लांब पट्टी काढायची.