नायक घसरतो, मग सावरतो: गोष्ट सांगायची कुणी?

नायकाचं अधःपतन आणि पुढे त्याचं सावरणं, अशी कादंबरी लिहायला घेणाऱ्याकडे कथानक सहसा तयार असतं. घोडं अडतं ते निवेदकापाशी. नायकाने स्वतः सांगायचं, लेखकाने त्याच्या खांद्यावरून पाहायचं, की बाजूच्या कुणी तरी?

समजा, नायक एका संस्थेचा खजिनदार आहे आणि आज तो पहिल्यांदा निधीला हात लावतोय. प्रथमपुरुषात हे असं येईल: ‘पैसे उचलले तेव्हाच मला कळत होतं की हे चूक आहे.’ जवळच्या तृतीयपुरुषात, म्हणजे ‘तो’ वापरून पण त्याच्याच मनातून: ‘महिनाअखेरीला भरून टाकायचे. कुणाचं काय जाणार होतं? हिशेब तर तोच लिहीत होता.’ पहिल्या वाक्यात पश्चात्ताप आधीच येऊन बसलाय. दुसऱ्यात माणूस आपल्या डोळ्यांदेखत घसरतोय आणि त्याला पत्ताही नाही. पडझड दाखवायला मला हा दुसरा मार्ग कैक पटींनी सरस वाटतो.

रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीलाही ही निवड करावी लागली होती. ‘क्राइम अँड पनिशमेंट’ त्याने आधी खुन्याच्या कबुलीजबाबाच्या रूपात, ‘मी’ वापरून लिहायला घेतली. 1865 च्या अखेरीस ते लिखाण जाळून तो नव्याने तृतीयपुरुषात लिहू लागला आणि 1866 मध्ये कादंबरी मासिकातून क्रमशः आली. निवेदक या खुनी नायकाला, रास्कोल्निकोव्हला, इतका चिकटून चालतो की त्याच्या डोक्यातला ताप वाचकालाही चढतो. तरी रास्कोल्निकोव्हला स्वतःबद्दल जे दिसत नाही, ते वाचकाला दिसत राहतं.

याच पद्धतीची दुखरी बाजूही तिथेच सापडते. त्याचं खरं परिवर्तन सायबेरियातल्या शिक्षेच्या काळात, उपसंहाराच्या शेवटच्या काही पानांत उरकलं जातं. अनेक वाचकांना ते घाईचं वाटत आलंय, मलाही वाटतं. इतका वेळ कानाशी कुजबुजणारा निवेदक एकदम ‘तो बदलला’ म्हणाला, की विश्वास बसत नाही.

फ्रेंच कादंबरीकार ह्यूगो इथे जास्त शहाणा ठरतो. ‘ले मिझेराब्ल’मध्ये (1862) चोरी करूनही बिशपने क्षमा केल्यावर, तुरुंगातून सुटलेला नायक ज्याँ वालज्याँ एका पोराचं 40 सूचं (सू हे जुनं फ्रेंच चलन) नाणं दाबतो, आणि मग कोसळतो. पुढे तो नाव बदलून महापौर झालेला असताना त्याच्या जुन्या नावाखाली भलत्याच माणसावर खटला चालतो, तेव्हा रात्रभर तळमळून तो भर न्यायालयात आपलं खरं नाव सांगतो. महापौरपद, कारखाना, स्वातंत्र्य, सगळं जातं. सावरण्याची ही किंमत दिसली की निवेदकाला ग्वाही द्यावी लागत नाही. (ग्वाही तो तरीही देतोच, पानंच्या पानं. तेवढी उधळपट्टी आज परवडणार नाही.)

मग ‘मी’ घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण नायक खरोखर सुधारलाय की नाही याचा संशय हवा असेल तरच. ‘मी सुधारलो’ म्हणणाऱ्यावर आपण एरवी तरी कुठे पटकन विश्वास ठेवतो? काम्यूच्या ‘द फॉल’मध्ये (1956) पॅरिसचा माजी वकील ॲम्स्टरडॅमच्या बारमध्ये एका अनोळख्याला आपली पापं सांगत जातो. ऐकणाऱ्याचा शब्दही पानावर येत नाही, आणि ही कबुली म्हणजे समोरच्याला ओढून घेण्याचा सापळा आहे हे हळूहळू उमगतं. प्रामाणिक उद्धारकथेला मात्र हाच आवाज मारक ठरतो: बढाईचा वास येतो.

साक्षीदार निवेदक, म्हणजे कॉनरॅडच्या ‘लॉर्ड जिम’मधल्या (1900) जिमची गोष्ट सांगणाऱ्या मार्लोसारखा, निवाडा शेवटपर्यंत लोंबकळत ठेवायचा असेल तेव्हा कामाचा. पण नायकाच्या एकांतात त्याला शिरता येत नाही, आणि पडझडीचा निर्णय बहुधा तिथेच होतो.

खजिनदाराच्या गोष्टीत मी घसरण अगदी जवळून लिहीन आणि पैसे परत करण्याचा प्रसंग चार पावलं मागे सरून, नुसत्या कृतींतून. ‘त्याला आपली चूक कळून चुकली’ अशी वाक्यं पहिल्या खर्ड्यात येतातच. ती काढून पाहा. प्रसंग ढासळला, तर निवेदक बदलून भागणार नाही, प्रसंगच पुन्हा लिहावा लागेल.