मिक्सिंग व्हॉल्व्ह आणि त्याचा कंट्रोलर, एक हिवाळा वापरल्यावर

ऑक्टोबरात बसवला, आता मार्च संपत आला, म्हणजे अख्खा हिवाळा काढला त्याच्यावर, म्हणून लिहितोय. आम्ही जर्मनीत एर्लांगनला राहतो, घर जुनं, वर रेडिएटर आणि खाली नवीन फ्लोअर हीटिंग. तळघरात गॅसचा बॉयलर. त्याचं कढत पाणी रेडिएटरला चालतं पण फरशीखाली तसंच सोडलं तर फरशी तडकेल, पाय पोळतील ते वेगळंच, म्हणून मधे तीन तोंडांचा व्हॉल्व्ह, जो परत आलेलं कोमट पाणी त्यात मिसळतो. आंघोळीच्या बादलीत आपण हात घालून विसण घालतो ना, तेच, फक्त इथे हाताच्या जागी सेन्सर आणि तांब्याच्या जागी मोटर.

पहिला दीड महिना नुसता वैताग. पाणी ३४ डिग्री पाहिजे तर २७ वरून ४८, परत खाली, असं दर दोन-तीन मिनिटांनी, आणि कधी ५० च्या वर गेलं की सेफ्टी थर्मोस्टॅट पंपच बंद करायचा, पाणी निवेपर्यंत. मोटर रात्रभर घर्र घर्र. आई तेव्हा नाशिकहून आली होती, ती म्हणे, अरे खाली दळण कोण दळतंय? बसवणारा येऊन बघून गेला आणि व्हॉल्व्ह बदला म्हणाला. बदलला नाही ते बरं झालं, कारण व्हॉल्व्हमधे काहीच बिघाड नव्हता.

मोटरच्या लेबलवर लिहिलंय ९० अंश फिरायला १२० सेकंद. कंट्रोलरमधे भरलेले होते २४०! म्हणजे त्याला वाटायचं मोटर हळू आहे, म्हणून प्रत्येक वेळी दुप्पट वेळ करंट द्यायचा आणि व्हॉल्व्ह दुप्पट फिरून बसायचा. शिवाय सेन्सर पाइपला प्लॅस्टिकच्या झिप टायने बांधलेला, बोटाने हलवला तर हलत होता, त्याला पाणी तापल्याचं कळेपर्यंत व्हॉल्व्ह पुढे निघून गेलेला. थर्मल पेस्ट लावून स्टीलच्या पट्टीने आवळला, वरून इन्सुलेशन गुंडाळलं. आणि बॉयलर कायम ७० वर! एवढं कढत पाणी असलं की व्हॉल्व्ह जेमतेम किलकिला उघडतो आणि तिथे केसभर हलला तरी पाच-सात डिग्री फरक. रेडिएटरचं पाणीही बाहेरच्या तापमानाप्रमाणे चालेल असं केलं, आता साधारण ५० ते ५५ असतं.

एवढ्यानेच निम्म्याहून जास्त काम झालं. उरलेलं कंट्रोलरचे आकडे जुळवायच्या झिगलर-निकोल्स पद्धतीने केलं, १९४२ ची आहे पण अजून चालते. टीएन म्हणजे उरलेली चूक हळूहळू भरून काढायचा वेळ, तो ९९९ वर नेला, म्हणजे जवळजवळ बंदच. एक्सपी म्हणजे किती डिग्रीच्या फरकाला व्हॉल्व्ह पूर्ण फिरवायचा तो पट्टा, जितका लहान तितका कंट्रोलर उतावळा. तो कमी करत गेलो, ३६ ला पाणी एकसारखं झुलायला लागलं, एक झोका १०० सेकंदांचा. मग एक्सपी त्याच्या २.२ पट म्हणजे ८०, टीएन झोक्याच्या ०.८५ पट म्हणजे ८५. तळघरात स्टुलावर बसून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजलंय हे सगळं, वही अजून आहे, कारण या कंट्रोलरमधे ग्राफ नाही आणि मेनू म्हणजे नुसते कोड नंबर. तिथे त्याचे मार्क कापले. आता एक-दीड डिग्री इकडेतिकडे, बस.

हीटिंग कर्व्हला, म्हणजे बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम ठेवायचं त्या रेषेला, मात्र जानेवारी गेला. बाहेर उणे ८ असताना घर बरोबर, पण बाहेर १० असताना उकडायचं, मी नुसता स्लोप, म्हणजे रेषेचा चढ, कमी करत बसलो आणि पुढच्या थंडीच्या लाटेत गारठलो. खरं तर लेव्हल, म्हणजे अख्खी रेषाच, खाली घेऊन स्लोप थोडा वाढवायला हवा होता. आणि एक बदल केला की दोन दिवस हात लावायचा नाही, फरशीखालचं काँक्रीट तापायला-निवायला तेवढा वेळ घेतंच. रात्री तापमान कमी करायची सेटिंग बंदच केली, फरशी थंड होईपर्यंत सकाळ होते.

सध्या एकच तक्रार, दुपारी बाहेर १५ झालं की व्हॉल्व्ह परत बंद व्हायच्या टोकाशी येतो आणि थोडी घर्रघर्र चालू होते. आई फोनवर विचारते, पीठ झालं का.